मिक्सर, फ्रीज, कूलरचं प्लास्टिक तडकलं तर काय करायचं

घरातलं कुठलंही प्लास्टिक तडकलं की पहिला हात जातो फेविक्विककडे. कधी घट्ट बसतं, कधी दोन दिवसांत सुटून हातात येतं आणि मग दुकानदाराने डुप्लिकेट दिलं म्हणून त्याच्या नावाने ओरड सुरू होते. ग्लू बहुतेक वेळा ओरिजिनलच असतं, फरक प्लास्टिकचा असतो. मिक्सरची बॉडी, वॉशिंग मशीनचा टब, फ्रीजमधला भाजीचा ट्रे ही सगळी वेगवेगळी प्लास्टिकं आहेत, एकाला जे चालतं ते दुसऱ्यावर अजिबात धरत नाही. त्यामुळे ट्यूबचं तोंड उघडायच्या आधी पाच मिनिटं समोर काय आहे ते ओळखण्यात घालवा, पुढचं सगळं काम त्यावरच ठरतं.

आधी ओळख पटवा

पार्ट उलटा करून आतली बाजू बघा, मोबाइलचा टॉर्च तिरका मारला की उठावाची अक्षरं दिसतात. बाणाच्या दोन टोकांमध्ये नाव कोरलेलं असतं, एबीएस, पीपी (पॉलिप्रॉपिलीन), पीएस (पॉलिस्टायरिन), पीसी (पॉलिकार्बोनेट) असं काहीतरी. पीपीच्या पुढे टीडी २० वगैरे दिसलं तर त्यात २० टक्के टाल्क म्हणजे आपलं शंखजिरं मिसळलेलं आहे, घाबरायचं नाही, पीपीच समजून चालायचं. त्रिकोणातला नंबर असेल तर ५ म्हणजे पीपी, ६ म्हणजे पॉलिस्टायरिन आणि ७ म्हणजे बाकी सगळं, ज्यातून आपल्याला काहीच कळत नाही.

काहीच कोरलेलं नसेल तर तुटलेला बारीक टवका वाटीभर पाण्यात टाका, बोटाने एकदा खाली दाबून चिकटलेले बुडबुडे घालवा. परत वर आला तर पीपी किंवा पॉलिइथिलीन, कारण पाण्याची घनता १ धरली तर पीपीची ०.९ च्या आसपास असते. तळाला बसला तर बहुधा एबीएस किंवा पॉलिस्टायरिन, दोन्ही १.०५ च्या आसपास, नाहीतर पॉलिकार्बोनेट, ते १.२. टाल्कवालं पीपी मात्र इथे फसवतं, ते पण बुडतं. म्हणून दुसरी टेस्ट करायची, इअरबडवर थोडं ॲसिटोन घेऊन पार्टच्या आतल्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात घासायचं. जागा चिकट झाली आणि इअरबडला रंग लागला तर एबीएस किंवा पॉलिस्टायरिन. काहीच फरक पडला नाही तर पीपी धरून चाला. पारदर्शक, कडक, काचेसारख्या दिसणाऱ्या पार्टवर ही टेस्ट करू नका, पॉलिकार्बोनेट ॲसिटोनने पांढरट पडतं आणि त्यावर बारीक बारीक चिरा येतात, म्हणजे होता तो तडा राहिला बाजूला आणि नवीन काम वाढलं.

ढोबळमानाने सांगायचं तर मिक्सरची बॉडी, रिमोट, व्हॅक्यूम क्लीनर, टीव्हीचं कव्हर बहुतेक एबीएस. वॉशिंग मशीनचा टब, बादल्या, डबे, बऱ्याच कूलरच्या टाक्या पीपी. फ्रीजमधले पारदर्शक ठिसूळ ट्रे पॉलिस्टायरिन, आतली पांढरी भिंत पण पॉलिस्टायरिनचाच जरा चिवट भाऊ. कुकरचं काळं हँडल यातलं काहीच नाही, ते बेकेलाइट, ते तापवून वितळत नाही, त्याच्यावर वेळ घालवूच नका, भांड्यांच्या दुकानात नवीन मिळतं ते स्क्रूने बसवा.

हे पार्ट चिकटवायचे नाहीत

जोरात फिरणारं काहीही. फॅनचं पातं, मिक्सरचा कपलर, वॉशिंग मशीनच्या ड्रायरचं आतलं भांडं. हे सुटलं तर कुठे उडेल सांगता येत नाही आणि चिकटवलेल्या जागेने वजनाचा तोल पण बिघडतो. दुसरं म्हणजे ज्याच्या मागे थेट करंट आहे ते, गीझरचं टर्मिनल कव्हर, इस्त्रीचं हँडल, प्लगटॉप. मायक्रोवेव्हच्या दाराला तडा असेल तर तो वापरणं बंद करा आणि मेकॅनिकला बोलवा. आणि त्याची बॉडी घरी अजिबात उघडू नका, प्लग काढल्यावर सुद्धा आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज शिल्लक असू शकतो.

मिक्सरच्या भांड्याचं झाकण पण शक्यतो बदलाच. त्याच्या आतल्या बाजूला गरम वाटण, तेल, तिखट, चिंच सगळं लागतं, तिथे फेविक्विक किंवा एमसील पोटात जाईल अशा ठिकाणी लावायचं कशाला. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लोहार चाळीत किंवा कुठल्याही गावात मिक्सर रिपेअरवाल्याकडे मॉडेलप्रमाणे झाकणं, रबर, नॉब मिळून जातात, जुनं झाकण सोबत घेऊन जायचं म्हणजे मापाची भानगड नाही. मशीन गॅरंटीत असेल तर आधी कंपनीला फोन करा, तुम्ही घरी सांधलेला पार्ट बघून ते हात वर करतील.

बाकी सगळं, म्हणजे बॉडी, पाय, बिजागरी, लॉक, ट्रे, टाकी, नॉब, स्क्रू बसतो ती नळकांडी, हे घरी होतं आणि चांगलं टिकतं.

तडा गेला कशाने

हे न बघता नुसतं चिकटवलं तर शेजारून परत तडकतं. फ्रीजच्या दारातल्या कप्प्यात दोन-दोन लिटरच्या बाटल्या उभ्या केल्या असतील तर कप्पा कितीही भारी चिकटवा, जाणारच. स्क्रू फार आवळला असेल तर नळकांडं उभं फाटतं. सेमी ऑटोमॅटिक मशीन एका पायावर डुगडुगत असेल तर खालचा बेस तडकतो. आणि एक कारण लोकांच्या लक्षातच येत नाही, ते म्हणजे तेल. एबीएस आणि पॉलिस्टायरिनवर आधीच ताण असेल आणि त्याच जागी तेलाचा ओशटपणा महिनोन्‌महिने बसून राहिला तर आपोआप चिरा पडतात, शेगडीशेजारी ठेवलेल्या मिक्सरच्या बॉडीला स्क्रूच्या आसपास ज्या केसासारख्या रेघा दिसतात त्यात याचा मोठा वाटा असतो. थिनर, पेट्रोल, कडक क्लीनरने पुसल्यावर पण तेच होतं. बाल्कनीत उन्हात ठेवलेलं पीपी वेगळ्याच कारणाने जातं, उन्हाने ते पिठूळ होतं, नखाने खरवडलं तर पांढरी पूड निघते. एवढं पिकलेलं प्लास्टिक असेल तर सोडून द्या, सांधा टिकेल पण बाजूचं तुटेल.

साफसफाई, म्हणजे खरं काम

प्लग काढा. नुसतं बटण बंद नाही, प्लग काढून बाहेर.

मग पार्ट सुटा करता येत असेल तर करा, भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा, जुन्या टूथब्रशने तड्याच्या आत घासा, पूर्ण वाळू द्या. त्यावर स्पिरिट किंवा सॅनिटायझर नको, नुसतं आयसोप्रोपिल अल्कोहोल कपड्यावर घेऊन पुसा, सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन वगैरे असतं ते मागे राहतं. आधी कोणी फेविक्विक लावून ठेवलं असेल तर ते कटरने खरवडून पूर्ण काढावं लागतं, जुन्या ग्लूवर नवं ग्लू म्हणजे पैसे वाया. कूलर किंवा वॉशिंग मशीन असेल तर क्षाराचा पांढरा थर व्हिनेगरने किंवा लिंबाने काढा, बोअरच्या पाण्यावाल्यांना हे करावंच लागेल, नाहीतर ग्लू क्षाराला चिकटतं, प्लास्टिकला नाही.

आता तडा जिथे संपतो ते टोक शोधा. दिसतो त्याच्या थोडा पुढेच तो गेलेला असतो, पार्ट हलकेच वाकवला की टोक कळतं. बरोबर त्या टोकावर दोन-अडीच मिलिमीटरचं भोक पाडा. लोकांना वाटतं चांगल्या प्लास्टिकला भोक कशाला, पण सगळा ताण तड्याच्या अणकुचीदार टोकावर एकवटलेला असतो आणि गोल भोक पाडलं की तो पसरतो, तडा पुढे सरकायचा थांबतो. ड्रिल नसेल तर सोल्डरिंग आयर्नच्या टोकाने पाडा. मग तड्याच्या बाजूने कटरने इंग्रजी व्हीसारखी खाच करा, जाडीच्या अर्ध्यापर्यंत, आणि दोन्ही बाजूंना बोटभर रुंदीत पॉलिश पेपर मारा, १२० नंबरचा चालतो. चकचकीत प्लास्टिकवर काहीही नीट धरत नाही.

एबीएस असेल तर काम सोपं

मिक्सरची बॉडी, व्हॅक्यूमचं कव्हर असलं काही असेल तर ॲसिटोनची लापशी बेस्ट. त्याच रंगाचा जुना एबीएस तुकडा घ्या, मोडका रिमोट, जुन्या कीबोर्डचं कव्हर, बारीक तुकडे करून काचेच्या छोट्या बाटलीत टाका, बुडतील इतकं ॲसिटोन ओता आणि झाकण घट्ट लावून रात्रभर ठेवा. सकाळी दाट काकवीसारखं झालेलं असतं. नेलपेंट रिमूव्हर घेणार असाल तर लेबल वाचा, बऱ्याच रिमूव्हरमध्ये आता ॲसिटोन नसतंच, त्यापेक्षा केमिकलच्या दुकानातून छोटी बाटली आणा. ही लापशी खाचेत पातळ थराने भरायची, एक थर सुकला की दुसरा. एकदम जाड ओतलं तर वरून साय धरते आणि आत बुडबुडे राहतात. इथे ग्लू असं काही नसतंच, दोन्ही कडा विरघळून एकच प्लास्टिक होतं, म्हणून हा जोड चिवट असतो. पूर्ण कडक व्हायला एक-दोन दिवस द्या. ॲसिटोन पेट्रोलसारखं पेट घेतं, गॅस चालू असलेल्या किचनमध्ये किंवा देवासमोर दिवा लावलेल्या खोलीत हे काम नको, खिडकी उघडी ठेवा.

घाई असेल तर फेविक्विक आणि खायचा सोडा. खाचेत सोडा भुरभुरायचा, वरून थेंब सोडायचा, क्षणात दगड होतो, परत सोडा, परत थेंब. नंतर कानशीने घासून लेव्हल करता येतं. दोन गोष्टी सांभाळा. यात गरमी आणि झोंबणारी वाफ निघते, तोंड लांब ठेवा. आणि सुती कपड्याने किंवा कापसाने सांडलेलं फेविक्विक पुसू नका, सुतावर ते इतक्या जोरात तापतं की बोट भाजतं, सुती हातमोजे पण नकोत. हा जोड कडक असतो पण ठिसूळ, वाकणाऱ्या जागी तो टिकणार नाही.

दोन्ही प्रकारांत मागच्या बाजूने आधार द्या. जुन्या चहाच्या गाळणीची स्टीलची जाळी किंवा खिडकीच्या स्टील मच्छरजाळीचा तुकडा, तड्यापेक्षा सगळीकडून दोन सेंटिमीटर मोठा, आणि त्यावर अराल्डाइट. स्टँडर्ड अराल्डाइटचे दोन्ही ट्यूब सारख्या लांबीचे काढायचे, नीट दोन मिनिटं घोटायचे आणि रात्रभर हात लावायचा नाही. पाच मिनिटांत सेट होणारं पण मिळतं, पण वजन झेलणाऱ्या जागी स्लोवालंच वापरा, ते जास्त ताकद धरतं. फक्त जाळी आत मोटर, वायर किंवा स्विचला टेकणार नाही हे बघा, धातू आहे तो, जवळ वायर असेल तर जाळीऐवजी ग्लास फायबरचं कापड घ्या.

पीपी असेल तर ग्लू विसरा

पीपीवर फेविक्विक, अराल्डाइट, एमसील सगळं वरवर बसतं आणि नखाने निघतं. प्रायमर आणि ग्लू असा दोन भागांचा सेट ऑनलाइन मिळतो, आधी प्रायमर पुसायचा मग ग्लू, छोट्या पार्टला तो चालतो. पण टब, टाकी, बेस अशा मोठ्या कामाला वितळवून सांधणं हाच उपाय. पूर्वी गल्लीत बादल्या-घमेली सांधून देणारे यायचे, तापलेली लोखंडी पट्टी आणि जुन्या बादलीचा तुकडा एवढंच सामान, आपण तेच करायचं, पट्टीऐवजी २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न.

भरायला पट्टी पीपीचीच हवी, एबीएसवर पीपी किंवा उलट कधीच एकजीव होत नाही. श्रीखंडाचा किंवा आइस्क्रीमचा ५ नंबरचा डबा कापून चार-पाच मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या काढा. आधी तडा जुळवून धरा, चिकटपट्टीने बाहेरून आवळा आणि आतल्या बाजूने आयर्नच्या टोकाने दर दोन सेंटिमीटरला एक टाका द्या म्हणजे कडा सरकणार नाहीत. मग खाचेत पट्टी धरून आयर्नने पट्टी आणि दोन्ही कडा एकत्र वितळवत हळूहळू पुढे जा. इथे सगळ्यांची चूक एकच होते, पट्टी वितळते आणि खालचं प्लास्टिक थंडच राहतं, वरून छान दिसतं पण उचकटलं की अख्खी पट्टी निघते. कडा पण चमकून ओल्यासारख्या दिसायला हव्यात. पीपी १६०-१६५ डिग्रीला वितळतं, आयर्न त्याहून खूप गरम असतो, त्यामुळे धूर यायला लागला की प्लास्टिक जळतंय, आयर्न उचला, ओल्या स्पंजवर टेकवा, परत सुरू करा. जळून तपकिरी झालेला जोड कामाचा नाही.

मागून तीच स्टीलची जाळी, यावेळी आयर्नने दाबून प्लास्टिकमध्ये बुडवायची, वरून पट्टीचा एक थर. जाळी उघडी राहिली तर हात कापतो. गाडीच्या बंपरचं काम करणाऱ्यांकडे नागमोडी पिना गरम करून घुसवायची गन असते, मोठा टब असेल तर सरळ त्यांच्याकडे न्या, थोड्या पैशात पक्कं काम करून देतात. पीव्हीसी मात्र कधी तापवू नका, पांढरे पाइप, काही गॅस्केट, वायरचं कव्हर, त्यातून हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ निघते.

स्क्रूचं फाटलेलं नळकांडं

हे सगळ्यात जास्त तुटतं आणि सगळ्यात दुर्लक्षित. स्क्रूला मेण किंवा व्हॅसलिन लावून ठेवा म्हणजे तो नंतर निघेल. फाटलेलं नळकांडं जुळवा, बाहेरून तांब्याची बारीक तार चार-पाच वेढे घट्ट गुंडाळा, त्यावर अराल्डाइट. आतली आटी पूर्ण गेली असेल तर अराल्डाइट भरा, मेण लावलेला स्क्रू सरळ उभा करून ठेवा, दुसऱ्या दिवशी हळूच फिरवून काढा, नवीन आटी तयार. पीपीचं नळकांडं असेल तर हे नको, स्क्रूच्या मापाची पितळी बुश आयर्नने तापवून आत बसवा. आणि परत आवळताना हाताने, ड्रिल मशीनने नको, टेकला की थांबा.

फ्रीजचं जरा जपून

कप्पे आणि ट्रे बाहेर काढून सांधायचे. पारदर्शक पॉलिस्टायरिनला पातळ फेविक्विक छान बसतं, कडा कोरड्या जुळवून तड्यावर थेंब सोडला की तो आपोआप आत ओढला जातो. मग कप्प्याच्या खालच्या बाजूने ॲल्युमिनियमची अर्ध्या इंची पट्टी अराल्डाइटने लावा, बाहेरून दिसत नाही आणि वजन तीच घेते. ट्रे गरम पाण्याने धुऊ नका, आणि थंडगार काढून लगेच तर नाहीच.

आतली पांढरी भिंत तडकली असेल तर ना ड्रिल ना आयर्न. भिंतीमागे गॅसच्या नळ्या असू शकतात, आणि आजकालच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आर-६००ए गॅस असतो, म्हणजे आयसोब्युटेन, तो पेट घेणारा आहे. मागे किंवा आत स्टिकरवर लिहिलेलं असतं. अशा तड्याला हलका पॉलिश पेपर, आयसोप्रोपिल, पूर्ण वाळवून वरून पांढरं अराल्डाइट किंवा एमसीलचा पातळ थर एवढंच, म्हणजे ओल आतल्या फोममध्ये जाणार नाही. फ्रीज बंद करून, खोलीच्या टेम्परेचरला आल्यावरच, गारठलेल्या भिंतीवर दव धरलेलं असतं आणि काहीच चिकटत नाही. बर्फ सुरीने काढायची सवय असेल तर ती आधी सोडा.

कूलरची टाकी

विदर्भात, मराठवाड्यात होळी झाली की कूलर खाली उतरतात आणि तेव्हाच कळतं की टाकी तडकलीय. बहुतेक वेळा चाकाच्या कोपऱ्यातच तडा असतो कारण ४०-५० लिटरची टाकी भरली की तेवढेच किलो वजन आणि तो भरलेला कूलर आपण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत उंबऱ्यावरून ओढतो. एमसीलचा गोळा थापून महिनाभर भागतं, मग टाकी फुगते-दबते तसा तो कडेने सुटतो. टाकी पीपीची असेल तर वर सांगितलं तसं आतून आणि बाहेरून दोन्हीकडून सांधा, एबीएसची असेल तर लापशी आणि आतून जाळीसकट अराल्डाइट. काम करताना पंप आणि मोटर काढून बाजूला ठेवा, आणि वायरिंग परत जोडताना पंपाच्या वायरचा जोड पाण्याच्या पातळीच्या वर येतो ना ते बघा. कूलर ज्या पॉइंटवर चालतो तिथे ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, आहे का तेही एकदा वायरमनला विचारून घ्या, पाणी आणि करंट एकाच डब्यात आहे.

जोड पक्का झाल्यावर टाकी अर्धीच भरा, खाली वर्तमानपत्र पसरा आणि रात्रभर तशीच ठेवा, पंखा-पंप काही चालू नको. सकाळी कागदावर डाग दिसला तर बरोबर त्याच्या वर बाहेरून मार्करने खूण करा, टाकी रिकामी करून एक दिवस उन्हात नाही, सावलीत वाळवा आणि फक्त तेवढीच जागा परत सांधा. कोरडा निघाला तर काठोकाठ भरून अजून एक रात्र. चाकं काढून टाकीच्या खाली तिच्याच मापाचा १२ मिलिमीटरचा प्लायवूड टाकून चाकं त्यालाच ठोकली तर वजन कोपऱ्यांवर येतच नाही, सुतार उरलेल्या तुकड्यात करून देतो, खालून ऑइलपेंटचे दोन हात मारून घ्या म्हणजे पाण्याने फुगणार नाही.